परवाचं पाणी

"अप्पा, परवाचं साखरपाणी तसंच ठेवलंत? पाखराला बाधेल ना!" माझ्या मुलानं, हेरंबनं, खिडकीबाहेरची बाटली काढून सिंकमध्ये ओतली. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, दर दोन दिवसांनी बाटली धुऊन ताजं भरायचं. अमेरिकेत आल्यापासून मला हे एकच काम.

"आणि ही आमटी कधीची रे?" मी ताट ओढत विचारलं.

"रविवारची. फ्रिजमध्ये काही होत नाही, अप्पा."

आज शुक्रवार होता.

मी ताजं पाणी भरून जेवायला बसलो. अंगठ्याएवढा हमिंगबर्ड आला, एक घोट प्याला, काचेतून माझ्या ताटाकडे पाहिलं. तुम्ही थाप म्हणाल, पण तो मागे सरकला आणि बाटलीपुढची जागा त्यानं मला करून दिली.