दहाची फुलं

"हे कधी लावलंस?" गॅलरीच्या दारात थबकून सबनिसांनी बायकोला विचारलं. निवृत्तीनंतरची पहिलीच सकाळ होती. कुंड्यांतल्या ज्या गवताला ते इतकी वर्षं 'उपटून टाक' म्हणत आले, ते आज गुलाबी-पिवळ्या फुलांनी भरलं होतं.

"ऑफिस टाइम म्हणतात त्याला. जुनंच आहे," विमल म्हणाली. "दहाला उमलतं, दुपारी मिटतं. पाणी घालत बसू नका, कुजेल. ऊन पुरतं त्याला."

तेवढ्यात शेजारच्या उल्काताई चहाचा कप घेऊन हसतच आत आल्या आणि सबनिसांना पाहून थांबल्या.

"भाऊ आज घरी?"

"आता रोजच," विमल म्हणाली.

ताई कप घेऊन तशाच परतल्या. विमल स्वयंपाकघरात गेली.

सबनीस फुलांकडे बघत राहिले. ती तर अजून उघडीच होती. मग आत्ता मिटलं काय, ते त्यांना कळेना.