पाच ओळींचं भरताड

समुद्राच्या तापमानाची सरासरी काढली, की संशोधक विद्यार्थिनी फलक प्रत्येक फाइलच्या डोक्यावर जगभर ठरलेल्या नमुन्यात पाच ओळी लिहायची: ठिकाण कोणतं, खोली किती, महिने कोणते, एकक काय आणि सरासरी काढली कशी. तिचे गाइड गावंडे सर त्याला भरताड म्हणत. अमरावतीच्या परिषदेच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्या फाइलींमधून त्या ओळी स्वतःच्या हातानं उडवल्या आणि नुसते आकडे ठेवले. "सरासरी म्हंजे सरासरी. हे पुराण कोन वाचते?"

दुसऱ्या दिवशी सरांच्या भाषणात पडद्यावर झळकलं: अरबी समुद्र, सरासरी ४२.६ अंश.

फलकनं कपाळावर हात मारला. समुद्र जेमतेम अठ्ठावीसच्या आसपास असतो. हा आकडा तिनं तुलनेसाठी ठेवलेला, अकोल्याच्या मे महिन्यातल्या दुपारच्या हवेचा. हॉलमध्ये शंभर प्राध्यापक, त्यातले निम्मे नावापुढे डॉक्टर मिरवणारे. आता कोणीतरी उठेल म्हणून ती वाट पाहत राहिली. सगळे नंदीबैलासारखे माना डोलवत होते. अकोल्याहून आलेले अध्यक्ष तर खूश होऊन म्हणाले, "म्हंजे समुद्र बी आमच्या अकोल्यासारखाच तापून राहिला!" टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ झालं.

शाल सावरत गावंडे सर मंचावरून उतरले, ते थेट फलकपाशी आले.



"पाह्यलं? एकानं तरी विचारलं काय, आकडा कुठचा म्हनून?"