मौनाचा सोमवार

"सोमवारी बोलायचं नाही, पण काम सोडायचं नाही," असं सासूबाईंनी लग्नानंतर सांगितलं होतं. ते व्रत अजून पाळते. त्या सोमवारी शिरूर अनंतपाळच्या मुलींच्या वसतिगृहात जेवणाआधी आमच्या बचतगटाच्या कडक भाकरी पोचवायचा शब्द मी दिला होता. टेम्पोवाल्या वैजनाथला मात्र सगळा माल स्वतःच्याच दुकानात हवा होता. आम्ही माल वाहायला बॅटरीची सायकल घेतली, तर त्यानं बोळाच्या तोंडाशी टेम्पोच आडवा लावला. "वैनी, हे खेळणं चढाला बंद पडंल. मग मलाच फोन लावाल." मी गप्प. "गप्प म्हंजी कबूल," तो हसला. मी भाकरींची पेटी बांधली, पदर खोचला अन् सायकल भिंतीलगत घेतली. वाट जेमतेम होती. गटातली तारामती म्हणाली, "वैजूभाऊ, आरसा दुमडा तेवढा, खरचटंल." त्यानं आरसा दुमडला. मी हळूच शिरूरच्या रस्त्याला लागले.