तिसरं पातं

बंदूक ऑटोमॅटिकवर ठेवून दोन हजार गोळ्या सलग झाडूनही सायलेन्सरला तडा गेला नव्हता. पोलिसांच्या सरावाच्या पॉइंट टू-टू बंदुकांसाठी असे दोनशे सायलेन्सर हवे होते, आणि ती ऑर्डर आपल्या लेथवर येणार या खात्रीनं रंगनाथ पांचाळ चाचणी केंद्रात ऐसपैस बसले होते.

परीक्षक दातार मॅडमनी सायलेन्सरची नळी काट्यावर ठेवली. "सत्तर ग्रॅम वाढलं."

"वाढलंच ना? झिजलं तर नाही."

"मऊ शिशाची गोळी, काका. जाता जाता थोडं शिसं आत ठेवून जाते. आता उघडा आणि साफ करून दाखवा."

पांचाळांचा चेहरा उतरला. नळी कधी निखळू नये म्हणून दोन्ही टोकं त्यांनी स्वतः वेल्ड केली होती आणि 'जन्मात सुटणार नाही' असं वर्कशॉपभर सांगितलं होतं.

"मग कापा," म्हणत मॅडमनी करवत पुढे केली.

आपल्याच वेल्डवर करवत चालवताना दोन पाती मोडली, तेव्हा पांचाळांना मनातून बरंच वाटलं. तिसरं मोडलं तेव्हा मात्र नाही. चौथ्याला टोक सुटलं. आवाज अडवणारे आतले पडदे शिशानं गच्च भरले होते. आणखी हजार गोळ्यांत आवाज जिरायला जागाच उरली नसती.

"टोक फिरवून उघडता येईल असे आटे पाडून आणायला किती दिवस लागतील?"

"एक."

"आणि तुमचं मन वळायला?"

"ते तिसऱ्या पात्यालाच वळलं," पांचाळ घाम पुसत म्हणाले.