सात तोंडांची नळी

उस्तादांनी नळी स्वतःच्या तोंडातून काढली आणि न पुसता शेजारच्या गड्याच्या, सगळे ज्याला भोपळा म्हणत त्याच्या, तोंडात दिली. भोपळ्यानं गाल फुगवले. नळीच्या दुसऱ्या टोकाला लालभडक काचेचा गोळा टरारून फुगला. मग नळी तिसऱ्याकडे गेली, तिथून चौथ्याकडे. या कारखान्यातली मोठी बरणी एका दमात होतच नसे. ती सात जणांच्या फुंकरीवर वाढायची. मधेच कुणी नळी पुसली तर काच तडकते, अशी सगळ्यांची पक्की खात्री होती. एकदा एकानं पुसली होती. बरणी तर फुटलीच, वर त्याचं ठरलेलं लग्नही मोडलं.

"मामंजी, हे आता थांबवा," सूनबाई म्हणाली.

सूनबाई आरोग्य खात्यात परिचारिका होती. पलीकडच्या शहरात नव्या फ्लूनं हातपाय पसरले होते, म्हणून ती कारखान्या-कारखान्यांतून सांगत हिंडत होती. खोकताना तोंडावर कोपर धरा, हात साबणानं धुवा, ताप आला तर घरी पडून राहा, एकमेकांचं उष्टं वापरू नका. इथवर सगळ्यांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. मग तिनं पिशवीतून नळीला बसवायची सात सुटी टोकं काढली, ज्याचं त्याला एकेक. भट्टीपुढे असा हशा पिकला की शेल्फावरच्या बरण्या किणकिणल्या.

"अगं, ही बाराशे अंशांची भट्टी आहे," उस्ताद म्हणाले. "तुझा फ्लू हिच्यापुढे जळून खाक!"

"भट्टी त्या टोकाला आहे, मामंजी. तुमचं तोंड या टोकाला."

भोपळा फिस्सकन हसला आणि उस्तादांनी डोळे वटारताच खोकल्याचं सोंग करू लागला. उस्तादांना ते बोलणं फार झोंबलं. त्यांच्या एका फुंकरीनं म्हणे मागच्या गल्लीतले वाळत घातलेले कपडे पुढच्या गल्लीत जाऊन पडले होते. अशा माणसाला सुनेनं फुंकायला शिकवावं?

"पोर चार महिन्यांचीच आहे," ती आवाज खाली आणत म्हणाली. "सहा महिन्यांची होईपर्यंत तिला फ्लूची लस देता येत नाही. तोवर आपण सांभाळू तेवढंच."

नातीचं नाव निघालं की उस्ताद लोण्यासारखे विरघळत. पण सहा गड्यांसमोर विरघळायचं कसं? त्यांचा हात मिशीकडे गेला. मिशी कसली, केरसुणीच ती. तिच्याखाली ओठ आहेत हे गेली तीस वर्षं सगळ्यांनी नुसतं गृहीत धरलं होतं.

"ऐक, सूनबाई. या नळीवरचं काहीही आज संध्याकाळपर्यंत माझ्या नातीपर्यंत पोचलं, तर ही मिशी उतरवीन आणि उद्यापासून तुझी टोकं लावीन. नाही पोचलं, तर टोकं पिशवीत आणि तू गप्प."

"कबूल," ती म्हणाली. "पण बघू तरी, केवढी जड आहे ही नळी." तिनं नळी दोन्ही हातांत घेतली, उलटसुलट करून पाहिली, जागेवर ठेवली आणि निघून गेली.

संध्याकाळी उस्ताद घरी आले ते पैज जिंकायच्या तयारीनंच. कोपरापर्यंत हात धुतले. पाळण्याकडे नुसतं लांबून पाहिलं, जीव तिळतिळ तुटला, तरी पाऊल पुढे टाकलं नाही. थेट गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले. बायकोनं चहा आणला. त्यांनी प्यायला आणि शेवटचे दोन घोट रोजच्यासारखे कपात ठेवले. ते तिनं उभ्याउभ्याच पिऊन टाकले. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना गोड म्हणून काही म्हटलं असेल-नसेल, पण हे दोन घोट कधी चुकले नव्हते. तेवढ्यात बाळ रडलं आणि आजी लगबगीनं आत गेली.

सूनबाई आली ती हातात आरसा घेऊनच.

"मामंजी, मिशी जरा वर उचला."

उस्तादांनी उचलली. आरशातले ओठ वांग्यासारखे जांभळे होते.

"खायचा रंग आहे. शाळेत पोरांना हात धुवायला शिकवताना आम्ही हाच वापरतो. सकाळी चिमूटभर लावला, नुसता नळीच्या टोकाला. आत्ता कारखान्याच्या फाटकात उभं राहून बघून आले. सहाही जणांची तोंडं जांभळी आहेत. तुम्ही सातवे."

भट्टीच्या तांबड्या उजेडात आणि काजळीत दिवसभर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. उस्तादांनी मिशी खाली सोडली. मग त्यांना पैजेचे शब्द आठवले आणि ते मांडीवर थाप मारून खो खो हसले.

"पण नातीपर्यंत पोचला का? सांग की! आल्यापासून मी तिला बोटसुद्धा लावलेलं नाही. इथनं उठलोच नाही मी!"

सूनबाईनं आरसा पालथा ठेवला. तिनं गुपचूप पिशवीचा बंद आवळला. उस्तादांनी मिशीला ऐटीत पीळ भरला.

तेवढ्यात आजी बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली.

"अहो, बघा हो जरा, पोरीच्या गालावर हे जांभळं काय उठलंय? मघापासून पापे घेऊन घेऊन गप्प करतेय तिला, तर हे आपलं वाढतच चाललंय!"