आठवा ठोका

“काका, थांबा. आठवा ठोका राहिला,” गिटारवाला म्हणाला. त्याच्यासारखाच बेसवालाही थांबून राहिला होता, गाणारी बाईही. की-बोर्डचा सूर तेवढा खोलीत वाजत राहिला. मग तोही बंद पडला.

ड्रमवर बसलेले काका एकसष्ट वर्षांचे होते. निवडीसाठी आलेले ते सातवे ड्रमर. आधीचे सहाही जण त्यांच्या मुलांच्या वयाचे होते. की-बोर्डवर त्यांचा सख्खा मोठा भाऊ होता. चाळीस वर्षांपूर्वी या दोघांनीच बँड काढला. आता मूळचा म्हणावा असा दादा एकटाच उरला होता. बाकी सगळं बदलून झालं होतं, दोनदा तर तालमीच्या खोलीचं छतसुद्धा.

बँडचं नाव झालं ते एका गाण्यावर. गाणं बावीस मिनिटांचं. अकराव्या मिनिटाला सगळे गप्प होतात. ड्रम एकटाच सात ठोके देतो आणि मग की-बोर्ड सुरू होतो, मागोमाग सगळे. निदान ठरलं तरी तसं होतं. रेकॉर्डवर ठोके आठ आहेत. त्या आठव्या ठोक्याने लोक येडे झाले. कोणी दंडावर आठचा आकडा गोंदवून घेतला. गिटारवाल्याने तर कॉलेजात असताना त्यावर नव्वद पानांचा प्रबंध लिहिला. दादा मुलाखतींत त्याचा अर्थ सांगायचा. आधी तो ‘माणसाच्या मनातली शंका’ होता. पुढे केस पिकल्यावर ‘विश्वाचा उच्छ्वास’ झाला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी कोणी अर्थबिर्थ सांगितला नव्हता. स्टुडिओची वेळ संपत आली होती. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट सारखा घड्याळ दाखवत होता आणि दादा त्याला हातानेच थोपवत होता. पुन्हा वाजवायला वेळ उरला नाही. बाहेर पायऱ्यांवर दादा धाकट्याला एवढंच म्हणाला, “तुला सात मोजता येत नाहीत.” पुढच्या आठवड्यात नवा ड्रमर आला. धाकट्याने उलट उत्तर दिलं नाही. त्यांच्या घरात तशी पद्धत नव्हती.

धाकटा शाळेची बस चालवू लागला. छत्तीस वर्षं तो दर सिग्नलला स्टिअरिंगवर बोटांनी सात मोजत आला. पोरांना वाटायचं, काका भडकलेत. बायको म्हणायची, “जेवताना तरी टेबलाला सुट्टी द्या.” दोघे भाऊ लग्नाकार्यात भेटत, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत. बँडचा विषय दोघंही काढत नसत.

मग बँडचा शेवटचा कार्यक्रम जाहीर झाला आणि नेमकं त्याच महिन्यात ड्रमरचं मनगट कामातून गेलं. निवडीला कोणीही यावं, असं पत्रकात होतं. धाकट्याने शाळेत रजा टाकली. त्याला एकदा, एकदाच, त्या गाण्यात बसायचं होतं. इतकं मनापासून त्याने आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं.

“बाकी झकास, काका,” गाणारी बाई समजुतीच्या सुरात म्हणाली. “पण लोक येणार ते आठव्यासाठी. तोच नसेल तर तुम्हाला कसं घेणार?”

“सात काय, कोणीही वाजवेल,” गिटारवाला म्हणाला. त्याची नव्वद पानं पाण्यात गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

धाकट्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. तो दादाकडे बघत होता आणि दादा स्वतःच्या बोटांकडे. बाकीचे तिघं आठव्या ठोक्याची वाट बघत राहिले होते. दादाची बोटं मात्र सातव्यानंतर लगेच की-बोर्डवर पडली होती. या छत्तीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

“आठ असतात, माहीत आहे ना तुला?” दादाने हळूच विचारलं. “मग आज सातच का वाजवलेस?”

“ठरलं सातच होतं,” धाकटा म्हणाला. “त्या दिवशी सातव्यानंतर तू आला नाहीस, म्हणून मी एक ठोका जास्त दिला. आज तू वेळेवर आलास.”