बी विंगचे झाडांचे डॉक्टर

समोरच्या कामतवहिनींनी आणलेल्या सक्युलंटच्या पानांची बेचकी भिंगातून न्याहाळून निमकरांनी निदान केलं, "पिठ्या ढेकूण! कापसासारखे पांढरे पुंजके दिसतायत ना? स्पिरिटचा बोळा फिरवा. आणि हे रोगट रोप ज्या अडाण्यानं दिलं, त्याच्याकडून पुन्हा काही घेऊ नका." बी विंगमध्ये झाडांचे डॉक्टर तेच होते.

"पण भाऊजी, हे तुमच्याकडच्याच हळदीकुंकवाचं वाण आहे," वहिनी म्हणाल्या.

यंदा संक्रांतीला प्लास्टिकचे डबे वाटायला नकोत, म्हणून निमकरांनीच हौसेनं बावीस रोपं लावून दिली होती. "आता घरोघर जाऊन सांगा, अडाणी कोण ते," बायको आतून म्हणाली.

रविवारी ते स्पिरिट आणि कापूस घेऊन निघाले. आधी कबुली, मग उपचार, असं ठरलं होतं. पहिलंच दार उघडलं.

"अगंबाई, डॉक्टर स्वतः आले! हल्ली दुसऱ्याच्या झाडासाठी एवढं कोण करतं हो? बसा, चहा टाकते."

निमकरांनी कबुली गिळली. "सध्या साथच आलीय," ते गंभीरपणे म्हणाले आणि बोळा भिजवू लागले.